सातवा माणूस

तुम्ही त्या दिवशी आजारी नव्हता, साहेब.

अंगावर शाल पांघरून झोपाळ्यावर बसला होता आणि उसाचे करवे चावत होता. ताप आलेला माणूस ऊस खात नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि मी बघतेय हे तुम्हीही बघितलं. त्याला पंचवीस वर्षं झाली. तेव्हा तुम्ही म्युनिसिपालिटीचे प्रेसिडेंट होता. आज त्याहून मोठे आहात, डोक्यावर खादीची टोपी आली आहे, गळ्यात हार पडताहेत. गेल्या महिन्यात स्वतःच्या सत्काराला उभं राहून तुम्ही सेलमाबाईंचं नाव घेतलंत. त्या भाषणाकडं मी येणारच आहे. पण आधी तो शुक्रवार सांगते, कारण तो तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही घरी होता.

दुपारची वेळ. दवाखान्याच्या माडीवर, सभा भरायची त्या खोलीत, आम्ही सहाजण सातव्याची वाट बघत बसलो होतो. हिरवं बनाती कापड घातलेल्या टेबलावर माशा बसत होत्या, उठत होत्या. तुमची खुर्ची रिकामी.

"नगरकर, पुन्हा एकदा मोजा," मी म्हटलं.

हेडक्लार्क नगरकरांनी पान या गालातून त्या गालात सरकवलं. "अक्का, पापड तळला की फुगतो. सभा मोजून फुगत नाही. सहाच आहेत."

"मला दोन धरा की," बागवानचाचा म्हणाले. इब्राहीम बागवान, मंडईतले फळवाले, बोर्डात वयानं सगळ्यांत थोर आणि अंगानंही. "माझ्यावर विश्वास नसेल तर खुर्चीला विचारा. ती सांगेल, एक बसलाय का दोन."

सगळे हसले. मागच्या बाकावर एकटीच बसलेली सेलमाबाई तेवढी हसली नाही. तो बाक लोकांसाठी होता. सभा कशी चालते हे गावातल्या कुणालाही येऊन बघता यावं म्हणून कायद्यानं ठेवलेला. पण त्या बाकावर तिच्याशिवाय कधी कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. पंधरा मेंबरांचं आमचं बोर्ड. सातजण हजर असले तर सभा खरी, नाहीतर नुसत्या गप्पा. याला कोरम म्हणतात. त्या दिवशी तो एका माणसानं कमी पडत होता, आणि त्या एका माणसावर त्या बाकावरच्या बाईचं पुढचं सगळं आयुष्य अडलं होतं.

ही बाई कोण, ते सांगते. जर्मनीत राईन नदीच्या काठी आपल्या गावाएवढंच एक गाव आहे, तिथली ही सेलमा क्रोनहाइम. धर्मानं यहुदी. आपले डॉक्टर तुळपुळे शिकायला जर्मनीत गेले होते तेव्हा हिच्या घरी भाड्यानं राहत होते. तिकडं हिटलरचं राज्य आलं, यहुद्यांचं जगणं कठीण झालं, तेव्हा डॉक्टरांनी हमी भरून हिला इथं आणली. मग एका उन्हाळ्यात टायफॉइडनं डॉक्टरच गेले. तेरावा झाला आणि भावकीनं घराला कुलूप घातलं. बाई ट्रंक घेऊन रस्त्यावर उभी. माझ्या शिवणाच्या दुकानावर एक खोली होती, ती मी तिला दिली. बदल्यात ती माझी काजं करून द्यायची. काजं बरी करायची, पण फार हळू. तिचं एक काज होईस्तोवर माझी बाही जोडून व्हायची. मी ओरडायची. ती म्हणायची, "द्वारका, घाई केली तर बटण बाहेर येईल."

गावात कुणी तिला मडम म्हणे, कुणी पाद्रीण. ही ख्रिस्ती नव्हे, कोकणात शनवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे यहुदी, शनवारतेली, असतात ना, त्यांच्या जातीची, असं मी समजावून सांगायची. त्यावर वरच्या आळीची पाटलीण मला विचारते कशी, "मग हिचा तेलाचा घाणा कुठाय?"

आणि मी कोण, हेही सांगितलेलं बरं, तुम्ही विसरला असाल. मी द्वारका पिसे. शिंप्याची विधवा. चौथीत शाळा सुटली, पुढं जे वाचलं ते रद्दीच्या कागदावर. बोर्डात बायकांची एक जागा निघाली आणि घरंदाज बाई कुणी उभी राहीना, तेव्हा तुम्हीच मला उभी केलीत. "शिंपीण आहे. मान खाली घालून मशीन मारते, सभेतही मान खालीच ठेवील." हे तुम्ही कुणाजवळ म्हणालात, तेही मला माहीत आहे.

माझी मान वर केली ती सेलमाबाईनं. निवडून आल्यावर मला कळलं की तिकडं तिच्या गावात तीसुद्धा मेंबर होती. पहिल्या लढाईनंतर तिकडच्या बायकांना मत मिळालं आणि पहिल्याच निवडणुकीत ही निवडून आली. त्या सभागृहातली पहिली बाई, आणि वर यहुदी. चौदा वर्षं होती. लहान पोरांना स्वच्छ दूध मिळावं म्हणून तिनं गावाकडून दुधाचं केंद्र उघडून घेतलं, सुइणींना पगार बांधून दिला. एवढंच सांगायची. ती तिथून निघाली कशी, हे कधी बोलली नाही, मी विचारलं तर दोऱ्याला गाठ मारत बसायची. म्युनिसिपालिटीचा कायदा आम्ही दोघींनी मशीनच्या फळीवर ठेवून वाचला. अडलं तिथं मी मराठी सांगायची आणि ती अर्थ सांगायची. प्रत्येक सभेला मागच्या बाकावर येऊन बसायची आणि घरी आल्यावर माझं काय चुकलं ते सांगायची. "तुम्ही आधी रागावता, मग प्रश्न विचारता. उलटं करा. प्रश्न विचारा. रागावतील ते."

मग लढाई पेटली. जर्मन तेवढा शत्रू, असा सरकारचा हुकूम निघाला. हाकलणारा जर्मन आणि हाकललेली ही, सरकारला दोघांचा पासपोर्ट एकच दिसला. फौजदार कागद घेऊन दुकानात आला. सोमवारी सकाळी बाईला किल्ल्यावरच्या छावणीत पोचवायचं. त्या छावणीत कोण होतं? जर्मन कंपन्यांचे साहेब, त्यांच्या मडमा, पाद्री. काहींनी उशाशी हिटलरचा फोटो लावलेला, असं फौजदारच सांगत होता.

"त्यांच्यात हिला ठेवणार?" मी म्हटलं. "अहो, मांजरापासून वाचलेली चिमणी नेऊन मांजराच्याच टोपलीत?"

फौजदार बिचारा चांगला होता. त्यानं डी.एस.पी. साहेबापर्यंत शब्द टाकला. साहेब म्हणाला, गावची म्युनिसिपालिटी ठराव करून हमी घेत असेल, आणि तो ठराव रविवारपर्यंत माझ्या हातात पडत असेल, तर बाई गावात राहील.

मी तुमच्याकडं धावले. तुम्ही म्हणालात, "अहो अक्का, बाई आपलीच आहे. ठराव आणा, मी आहे."

आणि शुक्रवारी तुमचा गडी चिठ्ठी घेऊन आला. साहेबांना ताप भरलाय.

मी उठले. "चाचा, सभा मोडू देऊ नका. मी आलेच," म्हणून भर उन्हात तुमच्या वाड्याशी गेले. दारात तुमच्या मंडळींनी अडवलं. "त्यांना गुंगी आहे हो, कुणाशी बोलत नाहीत." आतून ऊस मोडल्याचा आवाज आला. गुंगीतला माणूस एवढा कडाकड ऊस मोडतो? मी पडवीत घुसले.

तुम्ही शाल सावरली. करवा परातीत टाकला.

"अक्का, तुम्ही उगाच उन्हाच्या..."

"चला. पाच मिनिटांचं काम आहे. एक माणूस कमी पडतोय."

"ताप आहे ना मला."

"मग हा ऊस कोण खातंय? ताप?"

तुम्ही आवाज खाली आणलात. "हात जोडतो. समजून घ्या. रावसाहेबकीच्या किताबासाठी माझं नाव वर गेलंय. कलेक्टरच्या टेबलावर आहे. अशा वेळी जर्मन बाईच्या ठरावाला मीच अध्यक्ष म्हणजे... तुम्ही करून टाका ना. मी नको म्हणतोय का? नगरकरला सांगा, हजेरीत माझी जागा मोकळी सोड. उद्या मी डोळे झाकून सही करतो."

"आज डोळे उघडून या."

तुम्ही झोपाळ्याला पायानं रेटा दिलात. झोपाळा मागं गेला, पुढं आला, तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. तुमचं गणित मला तिथंच कळलं. साहेबाला ठराव आवडला तर तुम्ही सभेत होता. नाही आवडला तर तापात होता.

मी परत आले. नगरकरांच्या कानात सांगितलं. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. "मग अडलंय कुठं? गटाराचा ठेका असाच पास केला होता. बागवानचाचा, तुम्ही अध्यक्षस्थानी बसा. सातवी सही येतेय."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. चाचा तुमच्या खुर्चीत कसेबसे मावले. मी ठराव वाचला. चाचांनी विचारलं, "मंजूर?" पाच हात वर जायला लागले.

"अध्यक्षमहाराज."

मागच्या बाकावरून आवाज आला. ती उभी राहिली होती. हातातली पिशवी बाकावर ठेवून, दोन्ही हात खाली सोडून, शाळेतली मुलं उभी राहतात तशी.

"सभेत सहा माणसं आहेत. कोरम सातचा आहे. हा ठराव होत नाही."

कुणाला काही सुधरेना. नगरकरांचं पान तोंडातच राहिलं. "बाई, अहो बाई, ठराव तुमचाच आहे!"

"माहीत आहे."

"आणि बाकावरच्यांना बोलायची परवानगी नसते."

"बरोबर आहे. मी बाहेर जाते. पण अध्यक्षांनी ऐकलं. आता त्यांना मोजावं लागेल."

"सेलमाबाई, खाली बसा!" मी ओरडले. आपण कुठं आहोत याचं मला भान उरलं नाही. "खाली बसा म्हणते ना!"

ती बसली नाही. पिशवी उचलून जिन्याकडं गेली. वर झालेल्या हातांतला एक खाली आला. मग दुसरा. तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं तोवर ठीक होतं; आता जो तो आपली सही कशात अडकेल ते बघायला लागला. चाचांनी कपाळावरचा घाम पुसला. "या अल्ला. आता काय करू मी? खरं बोलली ती."

दारातून ती वळली. "तहकूब करा. तहकूब केलेल्या सभेला कोरम लागत नाही. उद्या घ्या. दोघं आले तरी ठराव खरा होईल."

नगरकरांनी कायद्याचं पुस्तक उघडलं. पानं उलटली. "आहे खरं असं कलम. पण तहकुबीची पुढची तारीख घालायची ती प्रेसिडेंटांनी."

"ते घालतील," सेलमाबाई म्हणाली. "ते तर आपल्या बाजूचे आहेत."

सभा तहकूब झाली. घरी येईपर्यंत मी तिच्याशी एक अक्षर बोलले नाही. दुकानाची फळी उघडली आणि मग तोंड सोडलं. काय बोलले ते सगळं लिहीत नाही. मूर्ख म्हटलं, कृतघ्न म्हटलं. "नियम माणसासाठी असतो, माणूस नियमासाठी नसतो! एका सहीनं कुणाचं काय वाकडं होत होतं? गटाराला चालतं, तुम्हाला चालत नाही?"

ती ऐकून घेत होती. दिवस मावळायला आला होता. दर शुक्रवारी या वेळेला ती दोन मेणबत्त्या लावायची, तशा लावल्या, हाताच्या ओंजळीनं डोळे झाकले, काहीतरी पुटपुटली. मग खाली माझ्यासमोर येऊन बसली.

"आमच्या देवळात," ती म्हणाली, "प्रार्थनेला दहा माणसं लागतात. नऊ असली तर प्रार्थना होत नाही. दहावा रस्त्यावरून पकडून आणतात. माझे वडील मला लहानपणी घेऊन जायचे. एकदा थंडीत नऊच होते. सगळे दाराकडं बघत होते. मी वडिलांना म्हटलं, मी आहे की. सगळे हसले. बायकांना मोजत नाहीत."

"त्याचा इथं काय संबंध?"

"थांबा. मग मी सभागृहात गेले. पहिला दिवस. क्लार्कनं हजेरी मोजली. माझ्याजवळ आला, आणि माझ्याकडं बोट करून आकडा म्हणाला. बारा. मी बारावी होते, द्वारका. जन्मात पहिल्यांदा मला कुणी मोजलं." तिनं स्वतःच्या बोटांकडं बघितलं. "चौदा वर्षं. मग ते हिटलरचे भुऱ्या शर्टातले लोक आले. माझं नाव काढून टाकायचा ठराव आला. त्या दिवशी सभा पुरी भरली नाही. भुरे शर्ट थोडे होते. कोरम नव्हता. बाकीचे घरी होते. एकाचा दात दुखत होता. एकाची मावशी आली होती. माझ्या पक्षाचे दोघं होते, त्यांना सर्दी झाली होती. चांगली माणसं. एकाच्या मुलीला मी बाळंतपणात मदत केली होती."

मी मशीनवरून हात काढला.

"मी उभी राहिले. म्हटलं, कोरम नाही, मोजा. अध्यक्ष म्हणाले, बसा. मी म्हटलं, मोजा. फक्त मोजा. कुणी मोजलं नाही. त्यांनी लिहिलं, एकमतानं. मी तिथं बसले होते आणि त्यांनी लिहिलं एकमतानं." तिनं मान वर केली. "आज मी गप्प बसले असते, तर त्या दिवशी मी कशासाठी ओरडले? मोजण्यासाठी, का माझ्या खुर्चीसाठी?"

 माझा राग मात्र गेला नाही. तो अजून गेलेला नाही. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा राग जास्त येतो.

"उद्या होईल ना," ती म्हणाली. "तारीख घालायला त्यांना ताप आडवा येत नाही."

शनिवारी सकाळी मी परत तुमच्या दारात. ताप उतरला होता. तुम्ही दाढी करत होता.

"आज सभा? अक्का, आज अमावास्या आहे."

"मग?"

"अमावास्येला कुणी शुभकाम करतं का?"

"तहकूब सभा शुभकाम कधीपासून झाली? कोंडवाड्यातल्या गुरांचा लिलाव मागच्या अमावास्येलाच केलात की!"

"ती गुरं होती," तुम्ही म्हणालात आणि गालाला साबण लावलात. "उद्या आदितवार, कचेरी बंद. सोमवारी बाजार, मेंबर दुकानं सोडून येणार नाहीत. मंगळवार घालतो. मंगळवारी मी स्वतः येतो, सगळ्यांना आणतो. मग तर झालं?"

"सोमवारी सकाळी तिला नेणार आहेत!"

"सरकारी काम आहे, अक्का. एवढं तेवढं पुढंमागं होतंच."

तुम्ही आरशात बघत होता. मी आरशातल्या तुमच्याकडं बघितलं. तिथंही तुमची नजर मिळाली नाही.

मी घरी येऊन तिला सांगितलं. तिला अमावास्या म्हणजे काय ते समजावून द्यावं लागलं. ती म्हणाली, "चंद्र नाही म्हणून?" आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसली. हसता हसता खुर्चीत बसली आणि मग तिचं हसू थांबलं. "आमच्या गावात त्यांना दात दुखावा लागला. तुमच्याकडं चंद्रच आजारी पडतो."

सोमवारी बाजाराची गर्दी होती. लोक गाडीभोवती जमले, मडम बघायला. निरोपाला आम्ही दोघंच, मी आणि बागवानचाचा. चाचांनी संत्र्यांची करंडी तिच्या ट्रंकेवर ठेवली.  "बाई," ते म्हणाले, "मी खरंच दोन असतो तर बरं झालं असतं."

"तुम्ही एक होता," ती म्हणाली. "पुरे होतं. तुम्ही आला होता."

तिनं मला मिठी वगैरे मारली नाही. आमच्यात ती पद्धत नव्हती. "ते राखाडी जाकीट," ती म्हणाली, "त्याचं वरचं काज राहिलंय." आणि गाडीत बसली.

मंगळवारी तुम्ही आलात. सगळ्यांना आणलंत. ज्यांची तोंडं वर्षात कधी दिसत नव्हती तेही आले, खुर्च्या कमी पडल्या, दवाखान्यातला बाक वर आणावा लागला. बाई गेली होती. आता कुणाला भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुम्ही भाषण केलंत. अतिथी देवो भव म्हणालात. मग म्हणालात, "मंजूर?"

जिकडं बघावं तिकडं हात वर.

"विरोधात?" हे तुम्ही हसतच विचारलंत.

मी हात वर केला.

माडीवर कुजबुज झाली. बागवानचाचा माझ्याकडं वळून बघायला लागले. तुम्ही चष्मा काढलात. "अक्का, हात चुकून वर गेला काय?"

"नाही."

"अहो, ठराव तुम्ही आणलेला! तुमच्या घरात राहत होती ती!"

"राहत होती," मी म्हटलं. "शुक्रवारी हा ठराव तिच्यासाठी होता. आज तुमच्यासाठी आहे. नगरकर, लिहा. एकमतानं लिहू नका. एक विरोधात. द्वारका पिसे."

नगरकरांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही मान हलवलीत. त्यांनी लिहिलं. बागवानचाचा तेवढे खाली बघत होते. त्यांना कळलं होतं.

पुढं दिवाळीनंतर परवानगी काढून मी एकदा किल्ल्यावर गेले. पाय भरून आले. तारेच्या आत एका लांब पत्र्याच्या घरात तिची खाट होती, कोपऱ्यातली. शेजारची खाट रिकामी होती. तिच्याशेजारी झोपायला कुणी तयार होत नव्हतं. जेवणाच्या टेबलावरही तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मोकळ्या राहायच्या. महिनोन्‌महिने ती कुणाशी बोललेली नव्हती. मराठी बोलताना तिची जीभ अडखळत होती, म्हणून मी जर्मन बोला म्हटलं, मला कळलं नाही तरी. ती बोलली. किती तरी वेळ बोलली. मी मान हलवत राहिले.

मग मराठीत आली. "इथं बायकांची कमिटी निवडली. स्वयंपाकाची, पाण्याची. मी उभी राहिले."

"आणि?"

"एक मत पडलं."

"तुमचं."

"नाही." तिचे डोळे जरा चमकले. "मी स्वतःला मत देत नाही. कधी दिलं नाही. म्हणजे यांच्यात कुणीतरी एक आहे, द्वारका. कोण ते कळत नाही. मी रोज जेवताना सगळ्यांच्या तोंडाकडं बघते."

मी तिला मंगळवारचं सांगितलं. मी हात का वर केला तेही.  ती तारेवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "तुमच्या गावात माणसं चांगली आहेत. फक्त सभेच्या दिवशी घरी असतात."

लढाई संपल्यावर तिला सोडलं. ती आपल्या गावाला परत आली नाही. कशाला येईल? बहिणीकडं पॅलेस्टाइनात हैफाला गेली. तिथं वर्ष-दीड वर्ष जगली, असं बहिणीनं कळवलं.

आता तुमचं भाषण. मांडवात हजार माणूस होतं. माझी सून पुढच्या रांगेत बसली होती. तुम्ही म्हणालात, "लढाईच्या काळात, इंग्रज सरकारचा डोळा असताना, एका यहुदी भगिनीच्या मागं मी उभा राहिलो. माझं अख्खं बोर्ड उभं राहिलं. विरोध केला तो एकाच मेंबरनं, आणि दुर्दैव असं की तो मेंबर एक बाई होती." लोक हळहळले म्हणे. माझं नाव तुम्ही घेतलं नाहीत, मोठं मन दाखवलंत. गावात नाव घ्यायची गरज नव्हती. सून पदर तोंडाला लावून घरी आली आणि मला म्हणाली, "आत्या, असं का हो केलंत त्या बाईशी?"

तिला मी जे सांगितलं तेच इथं लिहिलं. चाचा गेले, नगरकर गेले. त्या खोलीतली आता तुम्ही आणि मी दोघंच उरलो. म्हणून तुम्हालाच विचारते, लोकांसमोर विचारते.

रावसाहेबकी तुम्हाला मिळाली नाही. जिच्यासाठी ताप आणलात ती हाती लागली नाही, ते जाऊ द्या. पण सोमवारी फौजदाराची गाडी तुमच्याच दारावरून गेली. ट्रंक वर बांधलेली होती, ती आत बसलेली होती, आणि तुम्ही ओसरीवर उभे होता. ती गेली हे तुम्हाला ठाऊक होतं. ठराव आता कुणालाच वाचवणार नाही, हेही ठाऊक होतं. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही जो हात वर केलात, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर, तो कुणासाठी केलात?

सत्कार नको, भाषण नको. उत्तर द्या.